ओरा-००९४२: टेबल समोर दिसतंय, तरी रिपोर्ट म्हणतो टेबल नाही

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरंच लिहिलंय, आधी ते थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ओरॅकल ईबीएस (ई-बिझनेस सूट, कंपनीचे हिशेब-व्यवहार चालवणारी सिस्टीम) १२.२ आहे, खाली ओरॅकलचाच १९सी डेटाबेस. प्रॉडक्शनवरून (जिथे खरं काम चालतं ती सिस्टीम) टेस्टला क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, घेतला आणि त्यानंतर जीएसटी इनव्हॉइसचा कस्टम रिपोर्ट "ओरा-००९४२, टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट" असं म्हणून पडतोय. तीच क्वेरी एसक्यूएल डेव्हलपरमध्ये टाकली की व्यवस्थित चालते, रेकॉर्ड्स दिसतात. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणतो टेबल आहे, डेव्हलपर म्हणतो कोडला हात लावलेला नाही, आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की टेबल परत क्रिएट करून टाकू का.

नको. एवढं एक ऐका, बाकी उत्तर नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल. का ते पुढे एका प्रसंगातून सांगतोच.

मी जवळपास सोळा वर्षं ईबीएसच्या सपोर्टमध्ये आहे, आधी डेव्हलपर म्हणून आणि आता ॲप्स डीबीए म्हणून, आणि या ९४२ बद्दल माझं मत ठाम आहे. हा एरर "टेबल नाही" असं सांगतच नाही. तो सांगतो की "मी ज्या युजरने आलोय, ज्या डेटाबेसमध्ये आहे, ज्या एडिशनमध्ये (कोडची आवृत्ती, पुढे सांगतो) आहे आणि तू मला जे नाव दिलंस, त्या सगळ्याला धरून मला काही दिसत नाहीये". टेबल खरंच नसेल तरी ९४२, आणि टेबल आहे पण तुम्हाला बघायची परवानगी नाही तरीही ९४२. ओरॅकलने हे मुद्दाम असंच ठेवलंय. ज्याला परवानगी नाही त्याला "टेबल आहे, पण तुला दाखवणार नाही" असं सांगितलं तर टेबल आहे ही माहिती फुकट गेली ना. त्यामुळे तुमचा डीबीए खोटं बोलत नाहीये आणि डेव्हलपरही नाही. दोघं वेगवेगळ्या खिडकीतून बघतायत आणि रिपोर्ट तिसऱ्याच.

आता, तुमचा लॉग माझ्यासमोर नाही, त्यामुळे नक्की कारण हेच असं मी इथून सांगणार नाही. क्लोन कसा घेतला, कस्टम स्कीमा (तुमची स्वतःची टेबलं ज्या युजरच्या नावाखाली आहेत तो) १२.२ च्या पद्धतीने रजिस्टर केलाय का, पॅचिंग चालू आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पण मी कुठल्या क्रमाने बघतो आणि का, ते सांगतो.

सगळ्यात आधी, नाव कुठलं? हसण्यासारखं वाटेल पण निम्म्या वेळा लोक चुकीचंच टेबल शोधत बसलेले असतात. १९सी पर्यंत हा एरर कुठलं टेबल ते सांगतच नाही, २३एआय मध्ये आता मेसेजमध्ये नाव यायला लागलंय. तुमच्या रिपोर्टमध्ये पाच-सात टेबलं असतील, तुम्ही गृहीत धरलंत की जीएसटीवालंच नसणार. तर कॉन्करंट रिक्वेस्टचा (ईबीएसमध्ये रिपोर्ट चालवायला टाकतो ती) लॉग उघडा आणि ९४२ च्या खाली ओरा-०६५१२ च्या ओळी बघा, त्यात पॅकेजचं (डेटाबेसमध्ये साठवलेल्या कोडचं) नाव आणि लाइन नंबर असतो. त्या लाइनवर जा. तिथे साधा सिलेक्ट नसून एक्झिक्यूट इमिजिएट किंवा स्ट्रिंग जोडून बनवलेली क्वेरी असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. कारण साध्या सिलेक्टमधलं टेबल गायब झालं तर पॅकेजच इनव्हॅलिड होतं आणि चालवताना बहुतेक वेळा ओरा-०४०६३ दिसतो, म्हणजे पॅकेज बॉडीत एरर आहेत असं. चालता चालता मधेच थेट ९४२ आला याचा अर्थ बहुधा क्वेरी रन टाइमला बनतेय, आणि कंपाइलरला त्यातलं टेबल आधी दिसलंच नव्हतं.

एररचे नंबर नीट वाचायची सवय लावा, त्यातच अर्धं उत्तर असतं. सिनॉनिम (टेबलचं दुसरं नाव) आहे पण ते ज्याच्याकडे बोट दाखवतंय तेच उडालंय, तर ओरा-००९८० येतो. व्ह्यू आहे पण त्याच्या खालचं टेबल गेलंय, तर ०४०६३. सिनॉनिम आहे, टेबलही आहे, फक्त ग्रँट (परवानगी) नाही, तर ९४२. आणि ९४२ च्या खालच्या ओळीत ओरा-०२०६३ "प्रीसीडिंग लाइन फ्रॉम" आणि पुढे काहीतरी नाव असेल तर टेबल तुमच्या डेटाबेसमध्ये शोधूच नका, तो एरर डीबी लिंकच्या, म्हणजे दुसऱ्या डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडणीच्या, पलीकडून आलाय.

या डीबी लिंकवर जरा थांबतो, कारण क्लोननंतर ही गोष्ट नुसत्या एररपेक्षा जास्त धोक्याची आहे. क्लोनमध्ये डीबी लिंक जशाच्या तशा येतात. म्हणजे प्रॉडक्शनमधून जी लिंक वेअरहाऊसच्या किंवा पेरोलच्या प्रॉडक्शनकडे जात होती ती टेस्टमधूनही तिकडेच जाते, जोपर्यंत कुणी बदलत नाही. तिथे वाचायला गेलात आणि ९४२ आला तर नशीब म्हणा, लिहायला गेला असतात आणि काहीच एरर आला नसता तर? टेस्टमध्ये बनवलेली खोटी इनव्हॉइस खऱ्या सिस्टीममध्ये गेलेली मी एकदा निस्तरली आहेत, पूर्ण शनिवार-रविवार गेला होता. त्यामुळे आजच डीबीए_डीबी_लिंक्स बघा, प्रत्येक लिंक कुठे जाते ते लिहून काढा. तुमच्या एररशी याचा संबंध निघाला नाही तरी हे काम करा.

लॉगमधून नाव कळलंच नाही तर टेस्टवर ९४२ साठी एररस्टॅक इव्हेंट (एरर आला की तपशील फाइलमध्ये लिहायला लावणारी सेटिंग) लेव्हल ३ ला लावायचा, रिपोर्ट एकदा चालवायचा आणि इव्हेंट लगेच बंद करायचा. ट्रेस फाइलमध्ये पडलेली क्वेरी जशीच्या तशी मिळते, स्ट्रिंग जोडून झाल्यावर तयार झालेली. ती बघितल्यावर पुष्कळदा कळतं की टेबलच्या नावात मधे स्पेस राहिलीय, किंवा ज्या व्हेरिएबलमधून वर्ष जोडायचं होतं ते रिकामं आलंय आणि नाव अर्धवट बनलंय. प्रॉडक्शनवर हे डीबीएला न विचारता करू नका.

नाव हातात आलं की मग कोण? तुम्ही म्हणता एसक्यूएल डेव्हलपरमध्ये चालतं. कुठल्या लॉगिनने? तुमच्या स्वतःच्या रीड-ओन्ली युजरने असेल, आणि त्याला कुठल्यातरी रोलमधून (परवानग्यांच्या गठ्ठ्यातून) सगळी टेबलं वाचायची मुभा असेल. शिवाय डावीकडच्या यादीतून टेबल ओढून आणलं की क्वेरीत बहुतेक वेळा मालक स्कीमाचं नाव आधी लागून येतं, कोडमध्ये मात्र नुसतं टेबलचं नाव असतं. रिपोर्ट ॲप्स युजरने (ईबीएसचा कोड ज्या नावाने डेटाबेसमध्ये जातो तो) चालतो. म्हणजे तुम्ही केलेली टेस्ट आणि रिपोर्ट यांच्यात युजर वेगळा, नाव लिहायची पद्धत वेगळी, मग निकाल सारखा का यावा? ॲप्सने लॉगिन करा (पासवर्ड नसेल तर डीबीएला शेजारी बसवा), मालकाचं नाव न लावता क्वेरी चालवा, आणि त्याआधी एक छोटी गोष्ट करा, "सेट रोल नन" असं टाईप करून एंटर मारा. याने त्या सेशनमधले सगळे रोल बंद होतात. नेहमीच्या, म्हणजे डिफायनर राइट्सच्या (मालकाच्या परवानगीने चालणाऱ्या), स्टोअर्ड पॅकेजमध्ये रोलमधून आलेली परवानगी चालत नाही, ग्रँट थेट युजरलाच असावी लागते. हाताने चालतंय आणि पॅकेजमध्ये पडतंय या तक्रारीचं सगळ्यात जुनं कारण हेच. रोल बंद केल्यावर तुमच्या स्क्रीनवरही ९४२ आला की समजा प्रॉब्लेम हाताला लागला.

यानंतर मी डीबीए_ऑब्जेक्ट्समध्ये त्या नावाचं जे जे आहे ते सगळं काढतो, मालक कोणीही असो. नाव अप्पर करून आणि दोन्ही बाजूंना टक्के लावून शोधा, बरोबर नावाने शोधलंत तर चुकीच्या नावाचं सापडणार नाही. एक्सेल इम्पोर्टने किंवा मायग्रेशनच्या टूलने बनवलेली टेबलं कधीकधी डबल कोट्समध्ये लहान अक्षरांत बनलेली असतात, डोळ्याला तेच नाव दिसतं पण कोट्सशिवाय लिहिलं की ओरॅकल ते मोठ्या अक्षरांत शोधतो आणि सापडत नाही.

या यादीत मी सगळ्यात जास्त वेळ "क्रिएटेड" या कॉलमवर घालवतो. समजा टेबल प्रॉडक्शनमध्ये दोन वर्षांपूर्वीचं आहे आणि टेस्टमध्ये त्याची क्रिएटेड तारीख परवाची आहे. आरमॅन (ओरॅकलचं बॅकअपचं टूल) डुप्लिकेटने घेतलेल्या क्लोनमध्ये असं होत नाही, तारीख जुनीच येते. याचा अर्थ क्लोननंतर कुणीतरी ते ड्रॉप करून परत बनवलंय, बहुधा मास्किंगच्या (खरी माहिती झाकायच्या) स्क्रिप्टने किंवा कुणा डेव्हलपरने कॉलम वाढवायला. टेबल ड्रॉप केलं की त्यावरच्या सगळ्या ग्रँट्स त्याच्याबरोबर जातात, सिनॉनिम मात्र तसंच राहतं. आणि नवीन टेबल बनलं तरी ग्रँट आपोआप परत येत नाही. टेबल आहे, सिनॉनिम आहे, दोन्ही स्क्रीनवर दिसतायत आणि ॲप्स म्हणतो नाही, तुमच्या वर्णनाला हे सगळ्यात जास्त जुळतं असं मला वाटतं. डीबीए_टॅब_प्रिव्ह्जमध्ये (ग्रँट्सची यादी) ते टेबल टाका, ॲप्सच्या नावाने ओळ येत नसेल तर हेच.

क्लोन कसा घेतला हे विचारायचं कारणही इथेच आहे. पूर्ण डेटाबेस बॅकअपवरून उभा केला असेल तर सिनॉनिम, ग्रँट सगळं बरोबर येतं, फक्त तो कुठल्या वेळेपर्यंतचा आहे ते बघा, टेबल १२ तारखेला लाइव्ह झालं आणि बॅकअप १० तारखेचा असेल तर टेबल येणारच नाही, त्यात चूक कुणाचीच नाही. पण कुणी फक्त कस्टम स्कीमा डेटा पंपने (ओरॅकलचं एक्सपोर्ट-इम्पोर्टचं टूल) आणून वर टाकला असेल तर गोष्ट वेगळी. स्कीमा मोडच्या एक्सपोर्टमध्ये पब्लिक सिनॉनिम येत नाहीत, आणि ॲप्समध्ये असलेली सिनॉनिम ही ॲप्सची आहेत, कस्टम स्कीमाची नाहीत, त्यामुळे तीही येत नाहीत.

आता १२.२ ची खास गोष्ट, आणि ११आय किंवा १२.१ वरून आलेले अनुभवी लोकही इथे अडकतात. १२.२ मध्ये ऑनलाइन पॅचिंग आलं, त्यासाठी डेटाबेसच्या एडिशन वापरतात. रन एडिशन म्हणजे युजर ज्यावर काम करतायत ती, आणि पॅच एडिशन म्हणजे मागे पॅच लागत असतो ती. यात टेबल एडिशनमध्ये मोडत नाही, ते सगळीकडे एकच असतं, पण सिनॉनिम, व्ह्यू आणि पॅकेज प्रत्येक एडिशनची आपली असतात. म्हणजे एखाद्याने चुकून पॅच फाइल सिस्टीमचं एन्व्हायर्नमेंट सोर्स करून स्क्रिप्ट चालवली तर टेबल सगळ्यांना दिसेल आणि सिनॉनिम फक्त पॅच एडिशनमध्ये. कटओव्हर होईपर्यंत, म्हणजे पॅच एडिशन हीच रन एडिशन होईपर्यंत, रन एडिशनमधल्या रिपोर्टला ते दिसणार नाही, आणि पॅच सायकल अबॉर्ट केली तर ते सिनॉनिम त्या एडिशनबरोबर गेलंच. डेव्हलपर शपथेवर सांगतो की मी सिनॉनिम बनवलं होतं, आणि तो खरंच बोलत असतो. म्हणून सिसकॉन्टेक्स्टमधून करंट एडिशनचं नाव तुमच्या सेशनमध्येही बघा आणि डेव्हलपरच्या सेशनमध्येही, डीबीए_ऑब्जेक्ट्स_एई मध्ये सगळ्या एडिशनमधले ऑब्जेक्ट दिसतात ते बघा, आणि ॲडॉपचं (पॅच लावायच्या टूलचं) स्टेटस काढून सायकल उघडी आहे का ते विचारा.

याला जोडूनच, १२.२ मध्ये ॲप्सचं सिनॉनिम थेट टेबलकडे जात नाही. मधे एक एडिशनिंग व्ह्यू असतो, टेबलच्याच नावाच्या शेवटी हॅश लावलेला. कस्टम टेबल बनवल्यावर एडी_झेडडी_टेबल पॅकेजमधला अपग्रेड प्रोसीजर चालवायचा असतो, तो हा व्ह्यू बनवतो आणि सिनॉनिम त्याच्याकडे वळवतो. बऱ्याच ठिकाणी जुन्या सवयीने नुसतं टेबल, ग्रँट, सिनॉनिम असं करून सोडून देतात, रिपोर्ट चालतो आणि कुणाला काही कळत नाही. मग पुढे कधीतरी कुणी एका टेबलला व्ह्यू लावतो, दुसऱ्याला नाही, ग्रँट कशावर द्यायची याचा गोंधळ होतो आणि ९४२ येतो. तुमच्या टेबलसाठी हॅशवाला व्ह्यू प्रॉडक्शनमध्ये आहे का आणि टेस्टमध्ये आहे का, एवढं ताडून बघा.

आता टेबल परत क्रिएट करू नका असं का म्हणालो ते. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात मी सपोर्टला होतो. महिनाअखेर, रात्रीचे साडेदहा-अकरा, असाच एक टॅक्सचा रिपोर्ट ९४२ देऊन पडला. ॲप्समधलं सिनॉनिम नव्हतं, बाकी सगळं जागेवर होतं. आमच्यातल्या एकाने घाईत टेबलची डीडीएल, म्हणजे टेबल बनवायची, स्क्रिप्ट उचलली आणि ॲप्समध्ये लॉगिन असतानाच चालवली. झालं, ॲप्स स्कीमातच त्याच नावाचं रिकामं टेबल तयार. रिपोर्ट परत सबमिट केला, फेज कम्प्लीटेड, स्टेटस नॉर्मल. आउटपुट उघडलं नाही कुणी, नॉर्मल बघितलं आणि सगळे घरी गेले. त्या आउटपुटमध्ये वर कंपनीचं नाव होतं, कॉलमची हेडिंग होती, आणि खाली "एंड ऑफ रिपोर्ट". मधे एकही ओळ नाही. दुसऱ्या दिवशी डीबीएची नेहमीची सिनॉनिम बनवायची स्क्रिप्ट चालली, तिने त्या नावावर ओरा-००९५५ दिला, म्हणजे हे नाव आधीच वापरात आहे, आणि ती ओळ लॉगमध्ये शेकडो ओळींच्या मधे तशीच पडून राहिली. तीन दिवसांनी अकाउंट्समधल्या एका ताईंनी फोन केला, की अहो या महिन्यात आपण एकही इनव्हॉइस काढली नाही का. तोपर्यंत इंटरफेसने त्या खोट्या टेबलात नवीन रेकॉर्ड्स घालायला सुरुवात केली होती, मग कुठली ओळ कुठल्या टेबलात ते जुळवत बसलो. ९४२ आला होता तोपर्यंत आम्हाला निदान माहीत तरी होतं की काहीतरी बिघडलंय. ते एक टेबल क्रिएट केलं आणि तेही कळेनासं झालं. ओरॅकल नाव शोधताना आधी स्वतःच्या स्कीमात बघतो, तिथे मिळालं की पुढे जातच नाही, त्यामुळे खरं टेबल लाखो रेकॉर्ड घेऊन शेजारच्या स्कीमात होतं आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

म्हणून दुरुस्ती करताना जे तुटलंय तेवढंच जोडा. ग्रँट गेली असेल तर मालक स्कीमामधून ॲप्सला थेट ग्रँट द्या, टेबलवर व्ह्यू बनवून तो पुढे दुसऱ्याला द्यायचा असेल तर विथ ग्रँट ऑप्शन लागेल. सिनॉनिम गेलं असेल तर रन एडिशनमध्ये असल्याची खात्री करून सिनॉनिम बनवा. ॲडॅडमिनमध्ये (ईबीएसचं देखभालीचं टूल) ॲप्स स्कीमासाठी ग्रँट आणि सिनॉनिम परत बनवायचा पर्याय आहे, ओरॅकलच्या स्वतःच्या टेबलांना तो उपयोगी पडतो, तुमचं कस्टम टेबल त्यात येईल असं धरून चालू नका. टेबल खरंच नसेल, म्हणजे कुठल्याच स्कीमात, कुठल्याच नावाने नसेल, तरच ते बनवायचं, आणि तेही तुमच्या सोर्स कंट्रोलमधल्या स्क्रिप्टने, मालक स्कीमात, डेटा कुठून येणार ते ठरवून. कुणी ड्रॉप केलं असेल आणि रीसायकल बिन चालू असेल तर फ्लॅशबॅकने परत येतं, आधी तिथे बघा.

काम करायच्या आधी आणि नंतर इनव्हॅलिड ऑब्जेक्ट्स मोजून लिहून ठेवा. आकडा वाढला तर तुम्ही काहीतरी नवीन मोडलंय. पॅकेज कंपाइल झाल्यावर जी सेशन आधीपासून उघडी आहेत त्यांना एकदा ओरा-०४०६८ येऊ शकतो, त्याला घाबरू नका, ते जुनी अवस्था टाकून दिल्याचं सांगतंय, रिक्वेस्ट परत टाकली की चालते. आणि स्टेटस नॉर्मल दिसल्यावर थांबू नका, आउटपुट उघडा, प्रॉडक्शनच्या त्याच महिन्याच्या आउटपुटशी ओळींची संख्या आणि टॅक्सची बेरीज जुळवा. क्लोनच्या तारखेपर्यंतचा आकडा तंतोतंत यायला पाहिजे.

खाली कुणीतरी विचारलंय की आमच्याकडे ओरॅकल नाही, ओडू आहे, तिथे "रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट" येतं. ते पोस्टग्रेस, ओडूच्या खालचा डेटाबेस. विचार करायची पद्धत तीच, तपशील वेगळे. पोस्टग्रेस कोट्स नसले की नाव लहान अक्षरांत नेतो, ओरॅकलच्या बरोबर उलट, आणि ओडूमध्ये बहुतेक वेळा नवीन कोड सर्व्हरवर टाकलेला असतो पण मॉड्यूल अपग्रेड केलेलं नसतं, त्यामुळे टेबल बनलेलंच नसतं. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना २०८ नंबरचा "इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम" येतो, तिथे आधी बघा तुम्ही कुठल्या डेटाबेसमध्ये उभे आहात, कनेक्शन मास्टरला लागलेलं असतं आणि टेबल शोधतोय आपल्या डेटाबेसमधलं, असं फार होतं.

तुमच्याकडे परत येतो. उद्या सकाळी ॲप्सने लॉगिन करून रोल बंद करून क्वेरी चालवा, आणि टेबलची क्रिएटेड तारीख, ॲप्सची ग्रँट, सिनॉनिम कुठे जातंय आणि करंट एडिशन, या चार गोष्टी टेस्ट आणि प्रॉडक्शन दोन्हीकडून काढून शेजारी शेजारी ठेवा. मला वाटतं तिथेच फरक दिसेल. नाही दिसला तर ते चारही आणि लॉगमधल्या ०६५१२ च्या ओळी इथे टाका, जीएसटी नंबर आणि सर्व्हरची नावं पुसून. मी संध्याकाळी सातनंतर बघतो.